कढईतली भट्टी: घरात आहे त्यात केक, पाव आणि नानकटाई

गावात केक करायचा म्हटलं की आधी ओव्हनवर गाडी अडते, मग मैद्यावर, मग बेकिंग पावडरवर. किराणा दुकानात बेकिंग पावडर मागितली तर दुकानदार खायच्या सोड्याची पुडी पुढे करतो. ती पुडी घ्या. घरात कणीक, गूळ, आंबट दही, तेल आणि हा सोडा असला की केक होतो, आणि चवीला तो तालुक्याच्या बेकरीतल्या केकपेक्षा कमी नसतो.

शिवाय भाजण्याचं ज्ञान आपल्याकडे आधीपासून आहे. शेतात रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांत भाजायच्या कणकेच्या जाड गोळ्यांचा, बेत असतो तेव्हा गोवऱ्या पेटवून लगेच कोणी रोडगे टाकत नाही. जाळ बसू देतात, धूर संपू देतात. गोवरीवर राखेचा पांढरा थर धरला आणि आत इंगळ, म्हणजे निखारे, लाल राहिले की मग रोडगे सरकवतात आणि वरूनही इंगळ-राख ओढून घेतात. जाळावर टाकलेला रोडगा वरून काळा आणि आतून कच्चा राहतो, हे वऱ्हाडातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. केकलाही हेच लागतं: ज्वाला नको, चहूबाजूंनी येणारी एकसारखी धग हवी.

बाकी सामानासाठी मी एकच सवय लावून घ्यायला सांगते. एखादी वस्तू घरात नसली की तिचं नाव सोडून द्या आणि ती त्या पदार्थात काय काम करते ते बघा. अंडं बांधून ठेवतं आणि ओलावा देतं. बेकिंग पावडर वायू तयार करते. लोणी पीठ मऊ ठेवतं. ही कामं करणारं दुसरं काहीतरी आपल्या फडताळात बहुतेक वेळा असतंच.

आधी धग

जाड बुडाची, खोलगट कढई सगळ्यात चांगली. जर्मनची (ॲल्युमिनियमची) असो की लोखंडाची, बूड जाड हवं. नॉनस्टिक भांडं यासाठी अजिबात वापरू नका, कोरडं तापलं की त्याचा थर खराब होतो आणि त्यातून निघणारा धूर चांगला नसतो. शिट्टी आणि रबर काढून कुकर वापरण्याची पद्धत बरीच पसरली आहे. केक त्यात होतो, पण कोरडा कुकर तापवू नका असं त्याच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं असतं, आणि ज्यात रोज वरण शिजवायचं ते भांडं यासाठी कशाला झिजवायचं? दुसरं काहीच नसेल तर जुना, बाद झालेला कुकर घ्या.

कढईच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा जाड मिठाचा किंवा रेतीचा थर द्या. रेती नदीची, चाळलेली, धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली हवी. भडभुंजा फुटाणे रेतीत भाजतो ते याच कारणानं: रेती उष्णता धरून ठेवते आणि सगळीकडे सारखी पसरवते. मीठही हेच करतं. चुलीच्या धगीनं मीठ वितळत नाही, त्याला ८०० अंशांच्या वर तापमान लागतं. एकदा वापरलेलं मीठ बरणीत भरून त्यावर खूण करा आणि पुढच्या वेळी तेच काढा. भाजीत मात्र ते घालू नका.

थरावर लोखंडी कडं, भांडं ठेवायची जाळी किंवा पालथी स्टीलची वाटी ठेवा. केकचा डबा मिठाला टेकायला नको, त्याच्या खाली दोन बोटं मोकळी हवा राहू द्या. डब्याच्या बाजूनंही एवढीच जागा सुटली पाहिजे.

झाकण घट्ट बसणारं आणि शक्यतो खोलगट घ्या. वाफ झाकणाला लागून थेंब केकवर पडतात आणि वरचा भाग चिकट होतो. गॅसवर करत असाल तर झाकणाला आतून स्वच्छ सुती फडकं बांधा आणि त्याची चारही टोकं वर नेऊन गाठ मारा, खाली लोंबू देऊ नका. चुलीवर फडक्याच्या भानगडीत पडू नका, झाकण केसभर तिरकं ठेवलं की वाफ निघून जाते.

कढईत एक उणीव राहतेच: वरून धग नसते, त्यामुळे केकचा माथा फिकट राहतो. चुलीपाशी याला सोपा उपाय आहे. सपाट लोखंडी झाकण किंवा तवा ठेवायचा आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यावर सांडशीनं चार-सहा इंगळ मांडायचे. गॅसवाल्यांनी दुसऱ्या शेगडीवर तवा चांगला तापवून शेवटी तोच झाकण म्हणून ठेवावा.

चुलीत लाकूड कोणतं लावता यावर बरंच अवलंबून आहे. पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या, भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. कढई तापवायला त्या चांगल्या, पण केक भाजताना त्यांच्या भरवशावर बसलात तर दर पाच मिनिटांनी धग वरखाली होते. बाभळीचं लाकूड इंगळ धरून ठेवतं. आधी बाभूळ पेटवून इंगळ पाडा, जाळ बाजूला ओढा आणि कढई इंगळांवर ठेवा. इंगळाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. पडवीत किंवा अंगणातच करा.

केकला साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती मापायला यंत्र नको. झाकलेली कढई मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग आत एका छोट्या ताटलीत चिमूटभर कोरडी कणीक पसरून पुन्हा झाका. पाचेक मिनिटांत ती बदामी झाली तर कढई तयार आहे. दोन मिनिटांतच काळवंडली तर आच फार आहे, आणि पांढरीच राहिली तर अजून थांबा.

ज्यांच्या घरी छोटा ओव्हन आहे त्यांनीही कढईची पद्धत हाताशी ठेवावी. गावात केक अर्धा फुगलेला असताना वीज गेली की पुढे काय होतं ते सांगायला नको.

सोडा आणि आंबट

खायचा सोडा एकटा फारसं काम करत नाही. त्याला आंबट मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याच बुडबुड्यांनी केक फुगतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, एवढाच फरक. आपल्याकडे आंबट म्हणजे दही, ताक, लिंबू. गूळही किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे गुळाच्या केकला सोडा चांगला मानवतो.

दीड-दोन वाट्या पिठाला एक वाटी आंबट दही आणि अर्धा छोटा चमचा सोडा, सपाट भरलेला. हे माप डोक्यात ठेवा. माझी वाटी साधारण १५० मिलीची आहे. तुमची लहान-मोठी असली तरी चालेल, फक्त सगळं एकाच वाटीनं मोजा आणि त्या मानानं सोडा कमी-जास्त करा. सोडा जास्त झाला की केक आधी खूप फुगतो, मग मध्ये बसतो, रंग काळपट-पिवळा येतो आणि जिभेवर साबणाची चव राहते. शंका आली तर चमचाभर पीठ वेगळं काढून त्यात चिमूटभर हळद कालवा. ते पिवळं राहिलं तर ठीक. लालसर झालं तर सोडा वरचढ आहे, पिठात थोडा लिंबाचा रस पिळा.

सोडा जुना झाला असेल तर आधी तपासा. वाटीत चिमूटभर सोडा घेऊन त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसला तर कामाचा. नुसता ओला होऊन बसला तर त्याच्यावर कणीक-गूळ वाया घालवू नका.

आणखी एक गोष्ट ठासून सांगते. काही दुकानांत खायचा सोडा आणि कपडे धुण्याचा सोडा दोन्ही सुटे मिळतात, आणि पुडीत बांधल्यावर ते सारखेच दिसतात. धुण्याचा सोडा पोटात जाता कामा नये, तो तोंड आणि घसा पोळतो. शक्यतो छापील पाकीट घ्या. पापडखारही सोड्याच्या जागी वापरू नका.

दही नसेल आणि घरात इनोची साधी, बिनवासाची पुडी असेल तर दह्याऐवजी दूध घ्या. इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असतात. दोन वाट्या पिठाला पाच ग्रॅमची एक पुडी पुरते. पण तिचा सगळा जोर ओलं लागल्याबरोबर निघतो, म्हणून ती अगदी शेवटी घालून डबा लगेच कढईत गेला पाहिजे.

पीठ, गोड, तेल, अंडं

गिरणीची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, कारण तिच्यात कोंडा असतो आणि दगडी जात्यात दाणा जरा जास्त चिरडला जातो. म्हणून केकचं पीठ सोडा घालायच्या आधी दहा मिनिटं झाकून ठेवायचं. बारीक चाळणीनं चाळून कोंडा पोळ्यांच्या कणकेत टाका, केक हलका होतो. आणखी मऊ हवा असेल तर दोन वाट्या कणकेतले तीन-चार मोठे चमचे काढून तेवढंच तांदळाचं पीठ घाला. भंडारा-गोंदियाकडे ते घरात असतंच. तांदळात ग्लुटेन, म्हणजे पीठ ताणलं जाईल असा चिवटपणा देणारं गव्हातलं प्रथिन, नसतं, त्यामुळे केक चिवट होत नाही. ज्वारीचं पीठ पाव हिश्शापर्यंत चालतं, त्यापुढे केक भुगा होऊन सांडतो. सोयाबीनचं पीठ घालायचं तर आधी मंद आचेवर खमंग भाजून घ्या, कच्च्या सोयाबीनचा उग्र वास केकमधून जात नाही. रवा असेल तर तो दह्यात अर्धा तास भिजवून वापरा.

गूळ दुधात उकळू नका, दूध फाटतं. थोड्या पाण्यात विरघळवून गाळा, खडे आणि चोथा निघून जाईल, मग पूर्ण थंड करा. गरम पाक दह्यात ओतला तर दही फुटतं आणि सोड्याचं कामही वेळेआधीच सुरू होतं.

फल्लीचं (शेंगदाण्याचं), सोयाबीनचं किंवा सरकीचं, रोजचं कुठलंही रिफाइंड तेल चालतं. घाण्यावरच्या फल्लीच्या तेलाचा वास केकला येतो. तो गुळाबरोबर मला आवडतो, सगळ्यांना आवडेलच असं नाही. जवसाचं तेल केकमध्ये नको. चार दिवस साठवलेली साय मात्र उत्तम, तेलाच्या निम्मी साय घालून बघा.

जवसाचं तेल नको असलं तरी जवस कामाचा आहे. कोरडा भाजून बारीक कुटलेला एक मोठा चमचा जवस तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवला की बुळबुळीत, अंड्याच्या पांढऱ्यासारखा होतो. एका अंड्याच्या जागी एवढं पुरतं. जवस फुगवत नाही, बांधतो. खाली दिलेल्या केकला दही असल्यामुळे तो नाही घातला तरी चालतं, पण ज्वारी घालणार असाल तर घालाच.

गुळाचा केक, पायरीपायरीनं

लागणारं सामान: चाळलेली कणीक २ वाट्या, किसलेला गूळ १ सपाट वाटी, आंबट दही १ वाटी, तेल अर्धी वाटी, पाणी अर्ध्या वाटीहून थोडं कमी, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ.

१. साधारण १५ सेंटीमीटर रुंद, सरळ कडांचा स्टीलचा किंवा जर्मनचा डबा घ्या. आतून तेल लावून कोरडी कणीक भुरभुरा आणि उलटा करून झटका. तळाला केळीच्या किंवा पळसाच्या पानाचा गोल तुकडा कापून बसवा, वरून तेलाचा हात फिरवा. पळसात पानगे भाजणाऱ्यांना हे सांगायला नको: पान जळत नाही, चिकटत नाही आणि त्याचा मंद वासही लागतो. छापील वर्तमानपत्र तळाला घालू नका, त्याची शाई अन्नात उतरते.

२. गूळ पाण्यात कोमट करून विरघळवा, गाळा, थंड होऊ द्या.

३. दही घुसळून एकजीव करा. त्यात तेल आणि गुळाचं पाणी घालून मिनिटभर फेटा, तेल वर तरंगायचं थांबलं पाहिजे.

४. कणीक, मीठ आणि वेलची घालून एकाच दिशेनं हलक्या हातानं मिसळा. कोरडी कणीक दिसेनाशी झाली की थांबा. जास्त घोटलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि केक भाकरीसारखा घट्ट होतो. दहा मिनिटं झाकून ठेवा.

५. या वेळात कढई तापवायला ठेवा.

६. आता पीठ बघा. भज्याच्या पिठापेक्षा सैल आणि धिरड्याच्या पिठापेक्षा घट्ट हवं. चमचा उचलला की जाड धार पडावी, तुटत तुटत. घट्ट वाटलं तर एक-दोन चमचे दूध घाला.

७. सोडा चाळणीतून पिठावर पाडा, गुठळी राहायला नको. दहा-बारा वेळा हलवा. पीठ बघता बघता हलकं होतं, पृष्ठभागावर बारीक छिद्रं उमटू लागतात आणि कान जवळ नेला तर बारीक चर्र आवाज येतो. इथून पुढे थांबायचं नाही.

८. पीठ डब्यात ओता, डबा अर्ध्याच्या थोडा वरपर्यंतच भरा. ओट्यावर दोनदा आपटा आणि सांडशीनं कढईत ठेवा. झाका, आच मंद करा.

९. पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. आतला वायू अजून पिठानं धरून ठेवलेला असतो, पीठ शिजून घट्ट झालेलं नसतं. थंड हवा लागली की मधला भाग खाली बसतो.

१०. पस्तीस-चाळीस मिनिटांनी बघा. कडा डब्यापासून किंचित सुटलेल्या दिसतील, मधोमध बोटानं दाबलं तर खळगा परत वर येईल. स्वच्छ काडी किंवा विणायची सुई मध्यभागी खुपसा. कोरडी निघाली की झालं. ओलं पीठ लागलं तर अजून सात-आठ मिनिटं.

११. डबा बाहेर काढून दहा मिनिटं तसाच राहू द्या, मग कडेनं सुरी फिरवून उलटा करा. पूर्ण गार झाल्यावरच कापा. गरम कापलेला केक सुरीला चिकटतो आणि आतून कच्चा असल्यासारखा वाटतो.

संत्र्याच्या दिवसांत, म्हणजे आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास आणि मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडावर येतो तेव्हा, गुळाच्या पाण्याऐवजी साखर आणि संत्र्याचा रस घ्या. सालीचा फक्त वरचा केशरी भाग बारीक किसणीवर हलकेच किसून पिठात घाला. पांढरा भाग आला की केक कडू होतो. रस आंबट असतो म्हणून दही थोडं कमी करा. वरुड-मोर्शीकडच्या घरांत बाजारात न चालणारी बारीक फळं पडून असतात, त्यांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. काळी पडलेली केळीही अशीच: दोन केळी कुस्करून घाला, गूळ पाव वाटी कमी करा.

ताकाचा पाव

यीस्ट गावात सहसा मिळत नाही. तालुक्याच्या बेकरीवाल्याकडून आणलं तरी ते टिकवणं आलं. त्याच्यावाचून पाव होतो. आयर्लंडमध्ये १९व्या शतकापासून घराघरात सोडा आणि ताकाचा पाव करतात. तिथला गहू मऊ, कमी ग्लुटेनचा होता, त्याला यीस्टपेक्षा सोडा बरा पडला. त्या पावासाठी पीठ, सोडा, मीठ आणि ताक एवढंच लागतं. विदर्भातल्या कुठल्याही घरात या चार वस्तू सापडतील.

चार वाट्या कणकेत पाऊण छोटा चमचा सोडा आणि तेवढंच मीठ चाळून मिसळा. मध्ये खळगा करून दीड वाटी दाटसर आंबट ताक ओता, लागेल तसं आणखी थोडं. बोटांनी भरभर गोळा करा. मळायचं नाही, पोळीच्या कणकेसारखं तर मुळीच नाही. गोळा खडबडीत आणि हाताला किंचित चिकटणारा राहिला पाहिजे. चपटा गोल करा, दोन बोटं उंच, आणि वर सुरीनं खोल अधिकाची खूण द्या. मधल्या भागापर्यंत धग पोहोचायला ती लागते. पीठ भुरभुरलेल्या ताटलीत ठेवून तापलेल्या कढईत झाका. आच केकपेक्षा जरा वर. अर्ध्या तासानं उलटवा, आणखी दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बुडावर बोटानं टकटक केली की पोकळ आवाज आला पाहिजे. त्याच दिवशी खाल्लेला चांगला. ठेच्याबरोबर आणि लोण्याबरोबर फार छान लागतो, आणि भाकरीच्या सवयीच्या माणसांना बेकरीच्या पावापेक्षा हा जवळचा वाटतो.

नानकटाई

हिला फुगायचं नसतं, म्हणून ही सगळ्यात सोपी. एक वाटी चाळलेली कणीक, अर्धी वाटी बेसन, पाऊण वाटी पिठीसाखर, चिमूटभर सोडा, वेलची. अर्धी वाटी घट्ट, थिजलेलं तूप आधी हातानं पांढरं होईपर्यंत फेटा, मग बाकीचं मिसळा. गोळा होत नसेल तर चमचाभर तूप वाढवा, पाणी घालू नका. अंतर सोडून ताटलीत मांडा आणि अगदी मंद धगीवर अठरा-वीस मिनिटं भाजा. कढईतून काढताना मऊच असतात, गार झाल्या की कुरकुरीत होतात.

ऋतू आणि बिघाड

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो तेव्हा दही सकाळचं संध्याकाळी कडक आंबट होतं. तेव्हा निम्मं दही, निम्मं पाणी घ्या आणि नानकटाईचं तूप माठाच्या गार पाण्यात वाटी धरून थिजवा. थंडीत दही लागतं पण आंबट होत नाही, तेव्हा पिठात एक छोटा चमचा लिंबाचा रस. पावसाळ्यात सोड्याला दमटपणा लागतो, तो काचेच्या बाटलीत ठेवा. त्या दिवसांत गुळाचा केक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरू शकतो. बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा कापून बाकीचा खाऊ नका, सगळा टाका.

खालून करपला आणि मधे कच्चा राहिला, तर आच जास्त होती किंवा डबा मिठाला फार जवळ होता. मध्ये खळगा पडला, तर झाकण लवकर उघडलं, सोडा जास्त झाला किंवा केक लवकर काढला. माथा फुटून डोंगर झाला, तर कढई सुरुवातीलाच फार तापली होती. केक विटेसारखा बसला, तर सोडा मेलेला होता, पीठ जास्त घोटलं गेलं किंवा सोडा घातल्यावर पीठ तसंच पडून राहिलं.

बसलेला केक फेकू नका. करपलेला भाग खरवडून काढा, बोटाएवढ्या जाड फोडी करा आणि तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्हीकडून वाळेपर्यंत भाजा. मधल्या कच्च्या भागालाही यात धग लागून तो शिजतो. गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरा, हे टोस्ट चहात बुडवायला चांगले होतात.